ऑब्री प्रॉसरचा होकार

ख्रिसमस उलटला की क्लेमेंट गार्बेट गाडीत व्हिस्कीच्या बाटल्या भरायचा आणि हेंडर खोऱ्यातल्या एकेका शेतावर विचारायला जायचा. बरोबर मला न्यायचा, कारण त्याला कुत्र्यांशी जेवढं बोलता येतं तेवढं माणसांशी येत नाही. "यंदा तुमच्या रानातून जाऊ ना?" एवढंच विचारायचं असतं. उत्तर ठरलेलं असतं. तरी ते दारात उभं राहून, टोपी काढून, दरवर्षी नव्यानं विचारावं लागतं. आमच्याकडे कुंपण मोडलं तर लोक चार शिव्या देऊन गप्प बसतात. पण न विचारता कोणाच्या रानात पाऊल टाकलं, तर तुमचं नाव त्या खोऱ्यातून गेलंच म्हणून समजा.

आणि आम्ही जायचो ते काही दोघं-तिघं नव्हे. पुढे ब्लडहाउंड जातीच्या कुत्र्यांचा अख्खा पॅक, मागे चाळीसेक घोडे. शिकार माणसाची. घाबरायचं कारण नाही, ती शिकार म्हणजे गेनर. आठवडाभर ती खोऱ्यात टपाल वाटते आणि रविवारी आमच्यासाठी पळते. तिला पुढे सोडायचं, ती ओढे-बांध ओलांडत चांगली लांब गेली की तिच्या पावलांच्या वासावर कुत्री लावायची आणि कुत्री नेतील तिकडे आपण घोडे फेकायचे. शेवटी कुत्री तिला गाठतात, तिचं तोंड चाटून चाटून ओलं करतात, तिच्या खिशातली बिस्किटं खातात. मग ती आमच्याबरोबर चहा पिते आणि कोणाचा घोडा कुठे अडला यावरून टिंगल करते.

मी नेस्टा प्यू, या पॅकची व्हिप. म्हणजे कुत्र्यांच्या कडेकडेनं घोडा पळवायचा आणि एखादं भरकटलं तर चाबूक वाजवून त्याला परत आणायचं. वाजवायचा, मारायचा नाही. साठीला टेकलेल्या बाईनं हे काम करावं याला लोक वेडेपणा म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

क्लेमेंट आमचा मास्टर. कुत्री त्याची, फुंकायचं शिंग त्याचं, खर्चही बराचसा त्याचाच. पूर्वी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. बायको गेल्यापासून कुत्र्यांखेरीज त्याला दुसरं काही उरलं नाही, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. एके काळी आम्हाला तीन खोरी होती. एक तितर पाळणाऱ्या कंपनीनं घेतलं, एक लंडनहून आलेल्या लोकांनी कुलूप लावून बंद केलं. उरलं हेंडर. आणि हेंडरच्या बरोबर मध्यावर प्रॉसरांचं शेत, पेन्ट्रे. ते बंद झालं तर खोऱ्याचे दोन तुकडे पडतात आणि घोडे पळवायला जागाच राहत नाही. हे क्लेमेंटला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ऑब्री प्रॉसरलाही चांगलंच माहीत होतं.

त्या वर्षी आम्ही पेन्ट्रेला गेलो तेव्हा म्हातारा एकटाच होता. चुलीपाशी आपल्या खुर्चीत, पायात मोजे, मांडीवर मांजर. त्र्याऐंशीचा झाला होता. त्याचा मुलगा हायवेल चार चाकांची मोटरसायकल उलटून तिच्याखाली गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून शेत सून बघायची, मेरियल. मेंढ्या तिच्या, कुंपणं तिची, पहाटेची थंडी तिची. खुर्ची तेवढी ऑब्रीची.

"या, या," ऑब्री म्हणाला. "मी म्हटलं, यंदा विसरला की काय मला. बस गं पोरी."

मला पोरी म्हणणारा तो आता एकटाच उरला होता.

"मेरियल कुठे?" मी विचारलं.

"बाजाराला गेलीय. मेंढे विकायला. माझ्यापेक्षा चांगला भाव आणते, पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल." तो हसला. मग मांजराला कुरवाळत म्हणाला, "तशी बसलीच आहे म्हणा. मागच्या महिन्यात माझ्याकडून फाटक उघडं राहिलं, मेंढे रस्त्यावर. त्याआधी ट्रॅक्टर चालूच ठेवला रात्रभर. आता नोटीस आहे मला. आणखी एक घोटाळा झाला की रवानगी हेरफर्डला, लेकीच्या बंगल्यात."

"चांगला आहे की बंगला," क्लेमेंट म्हणाला. "गरम पाणी, सगळं आहे."

"बागेत प्लास्टिकचं हरीण आहे, क्लेमेंट. दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचं. आठ दिवसांत मरेन मी तिथं."

हे तो हसत बोलला, पण त्याचा हात मांजरावर थांबला होता.

मग क्लेमेंट उठला, टोपी हातात घेतली आणि रीतसर विचारलं. ऑब्रीही उठला. खुर्चीचा हात धरून, कण्हत, पण उठला. "खालचं कुरण घ्या," तो म्हणाला. "ओढ्याकडून आत, वरच्या फाटकानं बाहेर. घोड्यांना उडी मारायला तिथला बांध छान आहे."

"मेरियलनं तिथं काही सोडलंय का फेब्रुवारीसाठी?" मी विचारलं.

"काय सोडणार? फेब्रुवारीत रिकामंच असतं ते. हायवेल तिथं कधी काही ठेवत नाही."

ठेवत नाही, असं म्हणाला तो. मी क्लेमेंटकडे पाहिलं. क्लेमेंटनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं ऑब्रीचा हात हातात घेतला आणि दाबला. होकार झाला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मेरियलला एक फोन करते मी."

"अजिबात नाही."

"शेत ती चालवते, क्लेमेंट."

"चालवू दे. ऑब्री बसलाय ना तिथं? तो असताना सुनेला विचारायचं, म्हणजे 'तू मेलास' असं त्याच्या तोंडावर सांगायचं. विचारायचं ते थोरल्याला. माझ्या बापानं त्याच्या बापाला विचारलं, मी त्याला विचारतो."

"तुझा बाप दातही न्हाव्याकडून काढून घ्यायचा."

"तू कुत्री सांभाळ, नेस्टा."

एकदा त्यानं असं म्हटलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. मी खिडकीची काच खाली केली आणि थंडी आत येऊ दिली, त्याला सर्दी होती म्हणून.

फेब्रुवारीतला तो शेवटचा रविवार. सकाळी धुकं इतकं होतं की दारूच्या गुत्त्याच्या अंगणात घोडा कुठला आणि ट्रेलर कुठला कळत नव्हतं. सॉसेज रोल फिरले, पोर्ट वाइनचे छोटे ग्लास फिरले. लडलोचा दंतवैद्य पांढरीशुभ्र विजार घालून आला होता, त्यावर गेनर म्हणाली, "डॉक्टर, आज तुमच्यासाठी खास चिखल शोधून ठेवलाय." खोगिरावर बसलं की क्लेमेंटला मास्टर म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, आणि उतरलं की परत क्लेमेंट. ही रीत आम्ही सगळेच पाळायचो.

पहिली धाव फार सुंदर झाली. धुकं उठलं, जमीन ओली होती, वास चांगला धरला होता. ब्लडहाउंड कोल्ह्याच्या शिकारीतल्या कुत्र्यासारखं किंचाळत नाही, ते छातीतून गातं. सगळा पॅक एकदम गाऊ लागला की घोड्याच्या कातडीवर शहारा उठलेला मांडीला जाणवतो. डॅम्सन पुढे होती. आठ वर्षांची म्हातारी, कान लोंबून चिखलात बरबटलेले, पण नाक असं की गेनरनं दगडावर टेकलेला हातसुद्धा तिला कळायचा. क्लेमेंट तिच्या मागे, चेहऱ्यावर असा काही आनंद की त्याचं वय दिसेना. त्या दिवशी सकाळी तो सुखी होता. निदान तेवढं तरी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी धाव पेन्ट्रेतून होती.

पुढे काय झालं ते गेनरनं नंतर सांगितलं. ती ओढ्याकडून खालच्या कुरणात शिरली तेव्हा कुरण तिला रिकामं दिसलं. मध्ये खोलगट भाग आहे, त्यात अजून धुकं साचलं होतं. त्या खोलगटात मेरियलच्या मेंढ्या होत्या. ज्यांना आधी व्यायचं होतं त्या, पोटं जमिनीला टेकायला आलेल्या. नवरा गेल्यापासून मेरियल त्यांना डोंगरावरून खाली आणून त्या कुरणात ठेवायची, घराजवळ, नजरेखाली. मेंढ्यांनी एक माणूस येताना पाहिलं. फेब्रुवारीत एकटं माणूस कुरणात येतं ते खुराक घेऊन, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या गेनरच्या मागे लागल्या. ती पळत होती, त्या दुडदुडत मागे. तिला हसू आलं. ती वरचं फाटक ओलांडून गेली, फाटक नीट लावलं आणि पुढे निघाली. आणि मेंढ्या फाटकाशी गर्दी करून उभ्या राहिल्या, खुराकाची वाट बघत. एकट्या माणसानं मेंढ्या बिचकत नाहीत. तिला वाटलं, विचारून घेतलेलं रान आहे, म्हणजे सगळं बघूनच घेतलं असणार. तिचं काय चुकलं? काही नाही.

आम्ही बांधावरून उडी घेऊन आत आलो तेव्हा कुत्री पूर्ण आवाजात होती. कुरणाच्या मध्यावर ती अडली. मेंढ्यांच्या खुरांनी वास पुसला होता. इथंच घोडं पेंड खातं, कारण कुत्री अडली की मागच्यांनीही थांबायला हवं. पण मागच्या स्वारांना पुढचं काही दिसत नव्हतं. ते एकामागून एक बांधावरून येतच राहिले, चाळीस घोडे, तापलेले, तोंडाला फेस आलेले. आणि मग मला फाटकापाशी पांढरं काहीतरी हललेलं दिसलं.

"मास्टर, मेंढ्या!" मी ओरडले. "मास्टर, गाभण मेंढ्या आहेत!"

त्याच क्षणी डॅम्सनला वास परत सापडला. फाटकापाशीच. ती गायला लागली आणि सगळा पॅक फाटकाकडे निघाला. त्यांना मेंढ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. एकाही कुत्र्यानं मान वर करून मेंढीकडे पाहिलं नाही, ही गोष्ट मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगेन. त्यांना गेनर हवी होती. पण हे मेंढीला कोण सांगणार? तिला दिसलं ते एवढंच, की समोरून मोठमोठी कुत्री आवाज करत येताहेत, त्यांच्यामागे घोडे, आणि पाठीशी बंद फाटक.

मेंढ्या कोपऱ्याकडे फुटल्या. कोपऱ्यात घळ आहे, ओढ्याला मिळणारी, उभ्या काठाची. पहिली घसरली. तिच्यावर दुसरी. मग सगळ्याच. पोटं इतकी जड की एकदा उलटी पडलेली मेंढी परत उठू शकत नव्हती, आणि वरून पडणाऱ्या थांबत नव्हत्या. मी घोडा आडवा घातला, चाबूक वाजवला, घसा फाटेपर्यंत ओरडले. क्लेमेंट शिंग फुंकत होता. कुत्री फिरली, शहाण्यासारखी फिरली. एकटी डॅम्सन फाटकाच्या फटीतून नाक बाहेर काढून शेपटी हलवत गात राहिली.

मग सगळे उतरले. त्या लोकांना मी एरवी कितीही नावं ठेवत असले, तरी त्या दिवशी एकानंही पाय मागे घेतला नाही. दंतवैद्य कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मेंढ्यांची तोंडं वर धरत होता. खालच्या केव्हाच गुदमरल्या होत्या. वरच्या ओढून काढल्या तर त्या काठावर थरथरत उभ्या राहायच्या आणि आमच्या डोळ्यांदेखत गाभडायच्या. ओल्या गवतात पिवळट, निळसर कोकरं पडत होती, केस न फुटलेली. एक बाई टोपीत तोंड घालून रडत होती, तिला मी हाताला धरून दूर नेलं.

मेरियल शिंगाचा आवाज ऐकून आली. मोटरसायकल काठावर सोडली आणि तशीच पाण्यात उतरली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. फक्त कोणी काय धरायचं ते सांगत राहिली. "डोकं वर. तुम्ही, पाय सोडा तिचा. तिला राहू द्या, ती गेली." शेवटची मेंढी वर आली तेव्हा तिनं हात ओढ्यात धुतले आणि म्हणाली, "मास्टरला घेऊन अंगणात या."

अंगणात आम्ही चौघंच होतो. क्लेमेंटनं टोपी काढली होती. मी त्याच्या शेजारी, दोन्ही घोड्यांचे लगाम धरून. समोर मेरियल, कोपरापर्यंत चिखल आणि रक्त. आणि घराच्या दारात ऑब्री. पायात नुसते मोजे, डोक्यावर मात्र चर्चला जाताना घालायची टोपी. शिंग ऐकून घोडे बघायला निघाला होता बिचारा. दारातून घळ दिसत नाही, पण काठावर ओळीनं मांडलेल्या मेंढ्या दिसतात.

"कोणाला विचारून आलात?" मेरियलनं विचारलं.

क्लेमेंटनं तोंड उघडलं. त्याआधीच दारातून आवाज आला.

"मला नाही कोणी विचारलं."

आवाज इतका स्वच्छ होता की क्षणभर मलाच वाटलं, ती चूल, ते मांजर, तो हातात घेतलेला हात, सगळं मी स्वप्नात पाहिलं असेल.

"विचारलं असतं तर मी सोडलं असतं का?" ऑब्री म्हणाला. "गाभण मेंढ्यांत घोडे घालायला मी काय खुळा आहे?"

तो मेरियलकडे बघत नव्हता. त्याचे डोळे क्लेमेंटवरून हलत नव्हते. दाराची चौकट त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. तो खोटं बोलत होता की खरंच विसरला होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

क्लेमेंटनं चौकटीवरच्या त्या हातांकडे पाहिलं. मग मेरियलकडे वळला.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "यंदा राहून गेलं. दरवर्षी हो म्हणतात, म्हणून गृहीत धरलं. चूक माझी आहे, मेरियल. तुमचं जे काही नुकसान..."

"राहून गेलं?" मेरियल म्हणाली. "चाळीस घोडे घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरताना विचारायचं राहून गेलं? लाज नाही वाटत तुम्हाला? आणि नुकसानीचं माझ्याशी बोलू नका. हायवेल असता तर तुम्ही या फाटकातून धड चालत बाहेर गेला नसता." मग ती माझ्याकडे वळली. आवाज एकदम खाली आला. "नेस्टा, तू तर सगळीकडे असतेस त्यांच्याबरोबर. खरंच नाही विचारलं?"

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. तुझ्याच स्वयंपाकघरात विचारलं. यांनीच ते कुरण दिलं. तुला फोन करू म्हटलं तर मला गप्प केलं. एवढंच बोलायचं होतं. दारात म्हाताऱ्याच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मास्टर म्हणतात तसंच," मी म्हटलं.

जमिनीवर उभी असताना मी क्लेमेंटला आयुष्यात कधी मास्टर म्हटलं नव्हतं. त्याला ते कळलं. मेरियलला कसं कळणार?

"बरं," ती म्हणाली. "जा आता."

ट्रेलर हाकताना माझा संताप बाहेर पडला. "काय केलंस कळतंय का तुला? संध्याकाळपर्यंत खोरंभर होईल."

"त्याला हेरफर्डला पाठवलं असतं."

"आणि कुत्री? ती कुठे पाठवणार?"

त्यानं आरशातून मागच्या ट्रेलरकडे पाहिलं.

"जिला विचारायला हवं होतं तिला विचारलं नाहीस," मी म्हटलं, "आणि आज तिच्या मेल्या मेंढ्यांसमोर उभं राहून तिलाच खोटं सांगितलंस. दोन्ही वेळा त्या म्हाताऱ्याचा मान राखायला. तिला काही मान आहे की नाही? असला सभ्यपणा चुलीत घाल."

"त्याच्याच दारात त्याला खोटारडा कसं म्हणणार होतो मी, नेस्टा?" क्लेमेंट म्हणाला. त्यानं मी आणखीच चिडले.

पहिला फोन त्याच संध्याकाळी आला, वरच्या शेतावरच्या वॉटकिन्सचा. दुसऱ्या दिवशी आणखी. कोणी भांडलं नाही. सगळे सभ्य. "तुमच्याबद्दल काही नाही, क्लेमेंट, पण तुम्ही न विचारता शिरता असं कळलं. यापुढे नको." मेल्या मेंढ्यांचं लोकांनी समजून घेतलं असतं. मेंढ्या मरतात. म्हाताऱ्यानं चुकीचं कुरण दिलं असं कळलं असतं तर दोन दिवस चघळलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण न विचारता, म्हटल्यावर संपलं. पंधरा दिवसांत हेंडर खोऱ्याचं एकही फाटक आम्हाला उघडं राहिलं नाही.

तरुण कुत्री लिंकनशरच्या एका पॅकनं नेली. सात वर्षांवरच्यांना कोणी घेत नाही. ब्लडहाउंड घरात ठेवायचं कुत्रं नव्हे, निदान ज्यानं आयुष्यभर पळत काढलं ते तरी नव्हे. क्लेमेंटनं ते काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. एकेकाला कुत्र्यांच्या खोलीमागे न्यायचा, बिस्कीट द्यायचा, आणि मग आवाज यायचा. मी त्याच्या स्वयंपाकघरात पाणी तापवत बसले होते, कशासाठी ते आठवत नाही. डॅम्सनला त्यानं शेवटी नेलं. परत आला तेव्हा बंदूक रिकामी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ती सगळा वेळ जमीन हुंगत गेनरचा वास शोधत होती. तिला वाटलं, धाव आहे." त्यानंतर त्यानं कुत्र्यांबद्दल बोलणं सोडलं. पुढे बोलणंच सोडलं म्हटलं तरी चालेल.

त्या वसंतात मी मेरियलला विचारलं, उरलेल्या मेंढ्या विताना मदतीला येऊ का. ती म्हणाली, ये. तेव्हापासून जातेच. ती चांगली बाई आहे, कष्टाळू, तोंडाची फटकळ, माझ्याचसारखी. रात्र-रात्र एका गोठ्यात बसून आम्ही कोकरं ओढली. तिनं मला तिच्या नवऱ्याबद्दल सगळं सांगितलं. मी तिला ती एक गोष्ट सांगू शकले नाही. ऑब्री आपल्या खुर्चीत होता. त्याच्याकडून नंतर काही घोटाळा झाला नाही, कारण करायला त्याच्याकडे काही राहिलंच नव्हतं.

मग ख्रिसमस आला आणि उलटला. त्या आठवड्यात एका दुपारी मी पेन्ट्रेच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. मेरियल मोरीपाशी भांडी घासत होती. ऑब्री सारखा खिडकीतून बाहेर बघत होता.

"काय बघताय?" मी विचारलं.

"क्लेमेंटची वाट बघतोय. यंदा अजून आला नाही विचारायला."

"येईल," मी घाईघाईनं म्हटलं. "केक घ्या ना आणखी."

"दरवर्षी आतापर्यंत येऊन गेलेला असतो. गेल्या वर्षी नाही का आला? तू पण होतीस की, पोरी. त्या तिथं बसला होतास तू..." त्याला क्षणभर माझ्यात क्लेमेंट दिसला बहुतेक. मग तो सावरला. "मेरियल बाजाराला गेली होती. मी त्याला खालचं कुरण दिलं. उठून उभा राहिलो आणि दिलं, हातात हात देऊन."

किती अभिमानानं सांगत होता! मोरीतला आवाज थांबला. मी मेरियलच्या पाठीकडे बघत होते, आणि ती पाठ हलत नव्हती. नळ चालू होता. त्या पाठीला काय काय कळत गेलं ते मी बसल्या जागेवरून पाहिलं. ते अंगण, क्लेमेंटची टोपी, माझं ते एक वाक्य, सात वर्षांवरची सगळी कुत्री. मला उठून जावंसं वाटलं.

तिनं नळ बंद केला. हात पुसले, सावकाश, एकेक बोट. मग वळली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती ऑब्रीच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली सरकलेली शाल त्याच्या गुडघ्यांवर ओढली.

"येतील हं, डॅड," ती म्हणाली. "तुम्हालाच विचारायला येतील."

"येऊ दे," ऑब्री म्हणाला आणि परत खिडकीकडे वळला. "पण यंदा नाही म्हणणार आहे मी त्याला. खालच्या कुरणात गाभण मेंढ्या असतात."